शुक्रवारी वाजणारी छाती

भिवंडीतल्या आया दर शनिवारी आपल्या पोरांविषयी खोटं बोलतात, असं माझं मत होतं. नुसतं मत नाही, सिद्धान्त होता. गावातल्या डॉक्टरमंडळींच्या बैठकीत, बटाटेवडे संपून चहा यायच्या मधल्या वेळात, मी तो उभा राहून मांडला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

सिद्धान्त असा. शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद. माग बंद म्हणून बाजार सुस्त, बाजार सुस्त म्हणून माझाही दवाखाना बंद. त्या दिवशी नवरा घरी, बायकांना जरा टेकायला वेळ. माणूस टेकलं की पोराकडे बघतं, आणि पोराकडे बघत बसलं की त्याच्यात काही ना काही निघतंच. म्हणून शनिवारी सकाळी माझ्या दाराशी खोकल्याची रांग. तपासावं तर छाती बऱ्यापैकी साफ. आया मात्र शपथेवर सांगणार की काल दिवसभर छाती वाजत होती. मी याला 'सुट्टीचा खोकला' असं नाव दिलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर लेख लिहा म्हणून आग्रह केला. मी आळशी आहे म्हणून वैद्यकशास्त्र थोडक्यात वाचलं.

मी लहान मुलांचा डॉक्टर. वडील इथेच शाळेत मास्तर, त्यामुळे मुंबईत शिकून परत आलो तेव्हा 'मास्तरांचा मुलगा' एवढ्या भांडवलावर दवाखाना चालू झाला. जागा मिळाली ती मागांच्या गल्लीत. डाव्या हाताला कारखाना, उजव्या हाताला कारखाना, समोर कारखाना. खटाक्-खटाक् हा आवाज तिथे ऐकू येत नसे; तो अंगात असे. भिंतीवरच्या फळीवरून औषधाच्या बाटल्या तसूतसूने पुढे सरकत यायच्या, आणि कडेला आल्या की आमचे कंपाउंडर दामू म्हात्रे त्यांना बोटाने मागे ढकलायचे. दामू जवळच्याच राहनाळ गावचे. वयाने माझ्याहून मोठे, गुडघ्यांनी त्याहून मोठे. शुक्रवारची सुट्टी मिळाली की एसटी पकडून वज्रेश्वरीला जायचे आणि गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसायचे. त्यांची सगळी श्रद्धा त्या कुंडावर होती; माझ्या औषधावर नव्हती, आणि हे ते पेशंटांसमोरही सांगत.

आमच्या धंद्यातली मुख्य अडचण आधी सांगतो. बाकीच्या डॉक्टरांचा पेशंट बोलतो. आमचा बोलत नाही, आणि जो बोलतो तो आजारी नसतो. म्हणजे आम्ही कायम ऐकीव माहितीवर चालणारे. त्यात आईची हकिकत वेगळी, बापाची वेगळी, आणि आजी बरोबर आली असेल तर ती दोघांचीही खोडून काढणार. "काही म्हणता काही खात नाही," असं सांगितलं जात असताना पोरगं माझ्या टेबलावर बिस्किट खात बसलेलं असायचं. "परवापासून" याचा अर्थ कालपासून ते गेल्या दिवाळीपासून काहीही. ताप हाताच्या उलट्या बाजूने मोजलेला. आणि प्रत्येक दुखण्याला कारण हे हवंच: दात येतायत, नजर लागली, मावशीने केळं दिलं.

कॉलेजात आमचे सर सांगायचे की आईबापांच्या बोलण्यात तीन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. त्यांनी पाहिलेलं, त्यांना वाटलेलं आणि त्यांना भीती वाटतेय ते. डॉक्टरने पहिलं ठेवावं, उरलेली दोन बाजूला काढावीत. हे फार छान आहे. फक्त कुठलं पहिलं आणि कुठलं दुसरं, हे त्या कालवणावर लिहिलेलं नसतं.

कधीकधी तर हकिकत पुराव्यासकट यायची. नगरपालिकेतले एक कारकून होते, अत्यंत सज्जन आणि काटेकोर. त्यांच्या मुलाला जुलाब होत होते. मी सहज म्हटलं होतं, शी कशी होते ते नीट बघून सांगा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चकचकीत स्टीलचा डबा घेऊन आले आणि नमस्कार करून टेबलावर ठेवला. श्रावण चालू होता, वेळ जेवणाची होती. मी म्हणालो, "अहो, कशाला त्रास घेतलात? वहिनींना सांगा, आवडीने खाईन." ते गृहस्थ नुसते पांढरे पडले. झाकण मीच उघडलं. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात दिसले की ते फुटपाथ बदलायचे. मीही बदलायचो. दोघांनीही एकदमच बदलला की पुन्हा समोरासमोर.

तर अशा ऐकिवावर आयुष्य काढणाऱ्या माणसासमोर एका शनिवारी खैरून भाभी येऊन बसल्या.

आमच्या दवाखान्याच्या चार घरं पलीकडे त्यांचा कारखाना होता. खाली माग, वर लाकडी माळ्यावर घर. घराणं मूळचं कोकणच्या किनाऱ्याकडचं, पण इथे पिढ्या झालेल्या. भाभी मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, मधेच हिंदी, आणि मागांच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांसारखं अर्धं हातांनी. त्या गल्लीत ओरडून काही उपयोग नसतो. खिडकीतून खिडकीत, जिन्यावरून अंगणात, बायका बोटांनी आणि भुवयांनी बोलायच्या: भाकऱ्या झाल्या का, सासू कुठे आहे, पाणी आलं का. दवाखान्यात आल्या तरी हात चालूच. पोराचा श्वास कसा चालतो हे त्या सांगत नसत, तळहात पालथा धरून दाखवत. तळहात जसा वरखाली होईल तसा श्वास. मला ते त्या काळी नाटकी वाटायचं.

भाभींच्या कडेवर सलमा होती, दोन वर्षांची, गोबरी, माझ्याकडे बघून लगेच भोकाड पसरणारी. भाभी म्हणाल्या, छाती वाजते. मी विचारलं, कधी?

"शुक्रवारी."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशीचं माहीत न्हाय."

मला आतून गुदगुल्या झाल्या. कॅलेंडर बघून येणारा आजार. माझ्या सिद्धान्ताला एवढी देखणी साक्ष आजवर मिळाली नव्हती. मी रडणाऱ्या पोरीच्या छातीला नळी लावली. डाव्या कानात डावा कारखाना, उजव्या कानात उजवा, मधे सलमाचं रडणं. चेहरा मात्र मी असा केला की जणू आत कुणी मला सगळं नीट वाचून दाखवतंय. हा चेहरा आम्हाला कुणी शिकवत नाही, तो आपोआप येतो. मग खोकल्याचं औषध दिलं. भाभी उठताना म्हणाल्या की सीताफळ खाताना हिला जोराचा ठसका लागला होता, त्यानंतरच हे चालू झालं. मी मनात म्हटलं, आलं कारण. हे दुसऱ्या प्रकारचं, वाटलेलं. बाजूला काढलं.

पोरीला बरं वाटलं. मग ताप आला. तापाचं औषध दिलं, उतरला, पुन्हा आला. दर शनिवारी भाभी हजर, आणि तेच: काल वाजत होती. एकदा मी हसत म्हणालो, भाभी, तुमच्या मुलीचा आजार मोठा धार्मिक दिसतो, जुम्म्याला बरोबर हजर होतो. दामूसुद्धा हसले. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी तळहात पालथा धरला आणि एक बाजू उचलून दुसरी तशीच खाली ठेवून हलवला, पंख मोडलेल्या पाखरासारखा. मी प्रिस्क्रिप्शन लिहीत होतो, अर्धवट पाहिलं. सीताफळांचा मोसम संपला, टोपल्या बाजारातून गेल्या. सलमाच्या गालांवरचा गोबरेपणाही गेला.

एका दुपारी भाभींचा दीर धावत आला. पोरगी तापाने फणफणलीय, उठत नाही, घरी चला. मी बॅग घेऊन निघालो. एवढ्या वर्षांत त्या माळ्यावर मी पहिल्यांदाच चढत होतो. चढताना जिना पायाखाली थरथरत होता. वर जमीन थरथरत होती, खाट थरथरत होती, पाण्याच्या हंड्यात बारीक बारीक वर्तुळं उठत होती. सलमा खाटेवर पडली होती, आणि नाकपुड्या फुललेल्या.

नळी लावली. तिच्या फासळ्यांतून मला खालचे माग ऐकू आले, अगदी स्वच्छ. दुसरं काही नाही. तरी सवयीने तो चेहरा केला, मानही हलवली. समोर भाभी बसल्या होत्या, माझ्याकडे एकटक बघत. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या बाईला माझ्या चेहऱ्यातलं सगळं कळतंय.

आणि लाईट गेली.

हे भिवंडीत काही नवं नाही. खालून कामगारांनी एक ओरडा केला, पट्टे फिरत फिरत मंदावले, समोरचा कारखाना थांबला, त्याच्यापलीकडचा थांबला. गल्लीभर अशी शांतता पसरली की मला माझं घड्याळ ऐकू आलं. आणि त्या शांततेत, नळी गळ्यात लोंबकळत असताना, मला नुसत्या कानांनी ऐकू आलं. श्वास आत गेला की बारीक शिट्टी. बाहेर आला की पुन्हा शिट्टी.

भाभींनी बोट वर केलं. "ऐका. हेच शुक्रवारी ऐकू येतं."

बाकीच्या दिवशी वाजत नाही असं ती बाई कधीच म्हणाली नव्हती. माहीत नाही म्हणाली होती. सहा दिवस त्या माळ्यावर आईला स्वतःच्या पोरीचा श्वास ऐकू येत नव्हता, सातव्या दिवशी येत होता, आणि जेवढं ऐकू आलं तेवढंच तिने मला सांगितलं. 'माहीत नाही'चं 'नाही' मी केलं होतं. आणि माझ्या सगळ्या शनिवारच्या आया! त्या काल ऐकलेलं आज सांगायला येत होत्या, कारण ज्या दिवशी ऐकू येतं नेमक्या त्याच दिवशी मी दवाखान्याला कुलूप लावून घरी लोळत असे.

घाईने नळी लावली. डावीकडे हवा जात होती. उजवीकडे फार कमी. तो एका बाजूने हलणारा तळहात मला आता दिसला. सीताफळाची बी श्वासनळीत अडकली होती, आणि एक्स-रेच्या फोटोतही ती सहसा दिसत नाही. तिच्यामागे फुप्फुसाचा तो भाग सडायला लागला होता. दुर्बीण घालून काढायला हवी होती, आणि ते काम मुंबईत.

कापडाचे तागे नेणारा टेम्पो उभा होता, त्यातून निघालो. पुढे ड्रायव्हर, मी आणि मांडीवर सलमाला घेऊन भाभी; मागे ताग्यांवर पोरीचे वडील. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. एक हात भाभींनी पोरीच्या छातीवर पालथा ठेवला होता आणि तो वरखाली होत होता. मी सगळा रस्ता त्या हाताकडे बघत होतो. माझ्या बॅगेतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मला त्याचाच भरवसा वाटत होता. एकदा तो हात क्षणभर थांबल्यासारखा वाटला तेव्हा मी वाकून पोरीच्या नाकाशी बोट धरलं.

मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होता. मी हकिकत सांगितली. मी त्याच्यापेक्षा मोठा, त्याच परीक्षा पास झालेला, पण धुळीने माखलेला आणि टेम्पोतून उतरलेला. तो ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर तो चेहरा आला. माझा. मी इतकी वर्षं तो आतून घातला होता, समोरून पहिल्यांदाच बघत होतो.

"ठसका लागलेला तुम्ही पाहिलात?"

"आईने पाहिला."

"आया काय, सगळंच सांगतात. ठेवून घेऊ, उद्या बघू."

आवाज चढवून मी काय काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी विनंती केली, या पोरीला एखाद्या शांत खोलीत न्या आणि फक्त ऐका. वॉर्डात पंचवीस पोरं रडत होती. बहुधा मला गप्प करण्यासाठीच तो आम्हाला एका सामानाच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावलं. भाभींनी न सांगता तळहात पालथा धरला, एक बाजू उचलून दाखवली. त्या तरुण डॉक्टरने नळी लावली. त्याचा तो चेहरा गेला. तो गेला हे बघून मला जे हायसं वाटलं ते आजतागायत कशाने वाटलेलं नाही. त्याने धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

बी निघाली. काळी, तुळतुळीत, एवढीशी. फुप्फुसाचा खालचा कोपरा सुधारायला पुढे बरेच महिने गेले, पण पोरगी वाचली, गोबरी झाली, मला बघून पुन्हा भोकाड पसरायला लागली.

त्यानंतर मी दवाखाना शुक्रवारी उघडा ठेवायला लागलो. दामूंना हे अजिबात पटलं नाही. "डॉक्टर, चूक केलीस तू, आन् गुडघं माझं मरतान. ह्यो न्याय हाय का?" असं ते भर गर्दीत विचारायचे. शेवटी त्यांची वज्रेश्वरी सोमवारवर गेली आणि सोमवारी बाटल्या मी ढकलू लागलो. दोन फुटल्या.

पण ते शुक्रवार! नव्वदच्या आसपासची ती सगळी वर्षं माझ्या मनात शुक्रवार म्हणूनच उरली आहेत. गल्ली गप्प. बाटल्या जागच्या जागी. बाकावर बायका, कुणी बुरख्यात, कुणी राहनाळ-काल्हेरकडून आलेल्या, कुणी परप्रांतातून मागावर आलेल्या कामगारांच्या. आवाज नाही, तरी हात चालूच. मी नळी लावायच्या आधी विचारायचो, दाखवा. मग कुणी तळहात भरभर हलवायची, कुणी बोटं आखडून पोट कसं आत जातं ते दाखवायची. एकीने दोन्ही खांदे उडवून असा काही डांग्या खोकला करून दाखवला की बाकावरचं दुसरं पोर घाबरून रडायला लागलं. राहनाळची एक म्हातारी नातू घेऊन आली आणि म्हणाली, "रडत न्हाय." एवढंच. पूर्वीचा मी म्हणालो असतो, नशीबवान आहात. मी पोराला तेव्हाच हॉस्पिटलात पाठवलं.

आता मी काही करत नाही. दवाखाना मुलगी चालवते, तिने तो मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारामागे नेला आहे. गल्लीतले बरेच माग भंगारात गेले, कारखान्यांच्या जागी गोदामं आली, त्यांत खोकी येतात आणि खोकी जातात. आवाज नाही. गल्लीत रोजच शुक्रवार असतो. कधी तिकडून गेलो तर कान उगाच काहीतरी शोधत राहतात.

मी मुलीच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचायचं सोंग घेऊन बसतो. आईबाप येतात, मोबाईल पुढे करतात. त्यात पोराचा खोकला, श्वास, शिट्टी सगळं भरलेलं असतं, कुठल्याही वारी वाजतं. मुलगी म्हणते, बाबा, किती सोपं झालंय. सोपं झालंय खरंच. मी मात्र त्या आईच्या दुसऱ्या हाताकडे बघत असतो, तो जरा तरी हलतोय का. तो पर्समध्ये काहीतरी शोधत असतो.

मागच्या पावसाळ्यात सलमा आपल्या मुलाला घेऊन आली. सोबत खैरून भाभी, केस मेंदीने लाल, पाठ वाकलेली. सलमाने मोबाईल काढला. भाभींनी तो हाताने बाजूला सारला आणि नातवाच्या श्वासासाठी तळहात पालथा धरला. तो अजून तसाच, तोच. माझ्या डोळ्यांसमोरचा पेपर धूसर झाला. मी उठलो, ओळख दिली, आणि म्हातारपणी माणूस हळवं होतं तसा हळवा होऊन विचारून बसलो. म्हटलं, भाभी, मी तुमची थट्टा केली, ऐकलं नाही, तरी तुम्ही दर शनिवारी माझ्याचकडे येत राहिलात. का? मनातल्या मनात मला उत्तर ठाऊक होतं. विश्वास म्हणतील. हाताला गुण म्हणतील. ते एकदा कानांनी ऐकायचं होतं.

भाभींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"दुसरा डॉक्टर स्टँडच्या पलीकडे बसायचा," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन तेवढं कोण चालणार? तुमी जवळ होते."